चाळीस मिनिटांची बैठक

विकत घ्यायची गाडी आधी चालवून बघावी, हे शहाण्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. आमच्या तपासनिसांना सांगावं लागलं. एकदा बायकोने सांगितलं, दोनदा मेहुण्याने, आणि शोरूमवाल्या बाईने तर रोज. पालथ्या घड्यावर पाणी!

"चालवायला काय, कुणीही चालवतं," तपासनीस म्हणायचे. "नीट बसता आलं पाहिजे."

आता यात त्यांची तरी काय चूक? फर्निचरच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी खुर्च्या तपासल्या होत्या, त्याही बसून. नव्या घाटाची खुर्ची तयार झाली की ती मधल्या खोलीत यायची. खोलीत भिंतीवर एक घड्याळ, बाकी काही नाही. तपासनीस खुर्चीवर बूड टेकायचे आणि चाळीस मिनिटं उठायचे नाहीत. पहिली दहा मिनिटं ताठ, दुसरी दहा डावीकडे कलून, तिसरी दहा उजवीकडे कलून, आणि शेवटची दहा जायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखी. या वेळात बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही, कारण मागे वळलं की पाठीचा भार बदलतो. शेवटी कार्डावर शिक्का मारायचा, मंजूर किंवा नामंजूर. अशा तीन बैठका, तीन वेगवेगळ्या दिवशी. शितावरून भाताची परीक्षा करणारे लोक वेगळे, हे अख्खं पातेलं संपवल्याशिवाय बोलणार नाहीत.

त्यांचं लग्नसुद्धा अशाच एका खुर्चीमुळे जमलं. बायकोच्या वडिलांनी कारखान्याची खुर्ची घेतली होती आणि ती खराब निघाल्याची तक्रार केली होती. तपासायला हे गेले. बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसले, समोर दारात ती उभी. चाळीस मिनिटं या गृहस्थांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. चाळिसाव्या मिनिटाला उठले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नामंजूर."

अडतीस वर्षं झाली, बायको ही गोष्ट येईल त्याला सांगत आली आहे. "मला इतका वेळ न्याहाळलं हो, आणि तोंडावर नामंजूर!" लोक हसतात. तपासनीस पंख्याकडे बघतात.

बायकोचं काम याहून कष्टाचं होतं. ती पाणी खात्यात होती. गावामागच्या डोंगरावर एक तळं आहे, त्याची पातळी रोज मोजायची नोकरी. सकाळी रानवाटेने दोन तास चढायचं, पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा वहीत लिहायचा आणि खाली यायचं. सव्वीस वर्षं. आकडा घरी आला, गुडघे हळूहळू वरच राहिले. ती निवृत्त झाली तेव्हा खात्याने तळ्याला एक यंत्र बसवलं, आणि तेव्हापासून खात्याच्या दारातल्या फळ्यावर रोज आकडा लागतो.

गेले सात महिने तो आकडा एकच होता. चार मीटर सात सेंटिमीटर. ऊन असो, पाऊस असो, चार मीटर सात सेंटिमीटर.

"माझं तळं असं एका आकड्यावर फतकल मारून बसणारं नाही," बायको म्हणायची. "ते यंत्र झोपलंय, नाहीतर तळ्याचं काहीतरी झालंय. एकदा डोळ्यांनी बघून येऊ दे मला."

खात्यात सांगून बघितलं. ते म्हणाले, आकडा स्थिर आहे ही तर आनंदाची बाब आहे.

आणि एक दिवस वनखात्याने रानवाटेच्या तोंडाशी पाटी ठोकली. झाडं लावायची आहेत, तेव्हा दोन महिन्यांनी, म्हणजे एक तारखेपासून, वाट दोन वर्षं बंद. बायकोने पाटी वाचली, घरी आली आणि पाय न धुता पलंगावर बसली.

"दोन वर्षांनी वाट उघडेल हो," ती म्हणाली. "पण माझं काय उघडं राहील, कोण जाणे." आणि रडली. ती सहसा रडत नसे. तपासनीस घाबरून तिच्या शेजारी बसले, पलंगाची कड कच्ची आहे हे त्यांना जाणवलंही, पण त्या दिवशी ते बोलले नाहीत.

उपाय काढला मेहुण्याने. बायकोचा हा धाकटा भाऊ बस चालवायचा आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे एखादी गाडी असायची. "एटीव्ही घ्या भाऊजी. मोटरसायकलसारखं हँडल, जाडजूड चार टायर. दगडधोंडे, चिखल, काही बघत नाही. ताईला बसवा आणि जा वर. एका दिवसाचं काम आहे."

एका दिवसाचं! भाऊजींना ओळखत नव्हता तो.

शोरूम गावाबाहेरच्या रस्त्यावर होतं. तिथली बाई कायम हेल्मेट घालून असायची. टेबलाशीही हेल्मेट, फोनवरही हेल्मेट. बोलायचं असलं की काच वर, बोलणं संपलं की काच खाली. सगळे तिला हेल्मेटबाईच म्हणत. तिने काच वर केली.

"काम की मौज, काका?"

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी ओझं वाहायला हवी की नुसतं रानात हिंडायला?"

तपासनीस विचारात पडले. मौज म्हणून आपण कधी काही विकत घेतल्याचं त्यांना आठवेना. "जायचंय हिंडायला," ते म्हणाले, "पण गाडी कामाची हवी."

"मग या बघा. पुढे मागे सामानाच्या जाळ्या, अडकलात तर ओढून काढायला दोराची चरखी, चढासाठी वेगळा गिअर. या असतात ओझ्याच्या कामासाठी, पण रानवाटेलाही याच बऱ्या. हलक्या पोरकट गाड्या उडतात फार." तिने चावी पुढे केली. "मागच्या मैदानात एक चक्कर मारून या."

"चावी कशाला?" तपासनीस म्हणाले, जवळच्या लाल गाडीवर बसले आणि घड्याळ बघितलं.

पहिली दहा मिनिटं हेल्मेटबाई कौतुकाने बघत होती. ते डावीकडे कलले तेव्हा तिला वाटलं चक्कर आली, ती पाणी घेऊन धावली. उजवीकडे कलले तेव्हा तिने काच खाली केली. चाळिसाव्या मिनिटाला ते उतरले, खिशातून कार्ड काढून त्यावर चार ओळी लिहिल्या आणि म्हणाले, "उद्या येतो."

"पण गाडी कशी वाटली?"

"एवढ्यात कसं सांगणार?"

शोरूममध्ये बारा गाड्या होत्या. बारा त्रिक छत्तीस बैठका, आणि दिवसाला एकच, कारण थकलेल्या बुडाचा निकाल धरायचा नाही असा कारखान्याचा नियमच होता. त्यातली एक पिवळी गाडी तेवढी चौथ्या मिनिटालाच बाद झाली. बाकी अकरांच्या वाट्याला पूर्ण न्याय आला.

हळूहळू शोरूमला त्यांची सवय झाली. झाडलोट करणारी बाई गाडीबरोबर त्यांच्यावरूनही फडकं मारायची. गिऱ्हाइकं त्यांच्या खांद्याला छत्री अडकवायची. एका जोडप्याने तर विचारलं, "हे काका गाडीबरोबरच येतात, की वेगळे घ्यावे लागतात?" बोलायचं नाही हा नियम, त्यामुळे तपासनीस गप्प. जोडप्याला वाटलं, वेगळे घ्यावे लागत असणार.

तेविसाव्या दिवशी मात्र कहर झाला. ते हिरव्या गाडीवर बसलेले असताना एका बागवाल्याने तीच गाडी घेतली. दोन हमाल आले. तपासनिसांनी बोटांनी दाखवलं, एकोणीस मिनिटं राहिली आहेत. हमालांनी कागद बघितला. कागदावर लिहिलं होतं, गाडी आहे त्या स्थितीत पोचवावी. आता गाडीची आहे ती स्थिती तर समोर दिसतच होती. त्यांनी गाडी ट्रकवर चढवली, चाकांना पट्टे बांधले, एक पट्टा तपासनिसांच्या कमरेला बांधला आणि निघाले.

बागवाल्याच्या अंगणात त्याच्या म्हाताऱ्या आईने माल उतरवून घेतला. पोचपावतीवर लिहिलं, "एक गाडी, एक गृहस्थ, दोन्ही सुस्थितीत." मग गृहस्थांच्या खिशातल्या डायरीत नंबर शोधून तिने फोन लावला. "तुमचा माणूस आमच्याकडे आलाय. ठेवायचा का परत पाठवायचा?"

"चाळीस मिनिटं झाली की आपोआप उठतो," बायको म्हणाली. "उठला नाही तर ठेवा तुम्हालाच."

तपासनीस संध्याकाळी घामाघूम होऊन घरी आले, पण चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "खड्ड्यांतसुद्धा कंबर हलली नाही! हिरवी फार पुढे आहे बघ."

"हिरवी विकली गेली ना?"

"दुसरी हिरवी येतेय."

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, आज किती तारीख? काल फळ्यावर चार मीटर सात, आज चार मीटर सात. माझा जीव तिकडे वर टांगलाय, आणि तुम्ही ताट वाढून ठेवल्यावर पाटाची लांबी मोजताय!"

"तुझ्यासाठीच मोजतोय ना," तपासनीस म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. दर बैठकीला त्यांच्या डोळ्यांपुढे तीच असायची, तळ्याकाठी उभी, वही हातात. तिला घेऊन जाताना गाडी कुठे दगा देऊ नये, म्हणून तर एवढी तपश्चर्या चालली होती.

"घोडामैदान जवळच आहे," मेहुणा म्हणाला. "भाऊजी, एकदा चालवून तरी बघा!"

"तू बस चालवतोस," तपासनीस शांतपणे म्हणाले, "तुला बसण्यातलं काय कळतं?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी हिरव्या गाडीवरची शेवटची बैठक पुरी झाली. तपासनिसांनी कार्डावर 'मंजूर' लिहिलं. कारखाना सुटल्यापासूनचा पहिला मंजूर. त्यांचे डोळे भरून आले. हेल्मेटबाईने काच वर करून टाळ्या वाजवल्या, झाडलोटवाल्या बाईने फडकं हवेत उडवलं. तपासनिसांनी घरी फोन केला. "ये. झालं काम. आजच जाऊ."

मेहुण्याने बसच्या फेरीतच ताईला शोरूमपाशी सोडलं. ती काठी टेकत आत आली. पायात जुने चढाचे बूट, काखेत पातळीची जुनी वही. कितीतरी महिन्यांनी तिने ते बूट कपाटातून बाहेर काढले होते. तपासनीस हिरव्या गाडीवर ताठ बसले होते, नवरदेवासारखे.

"कशी आहे?"

"छान आहे हो." तिने गाडीभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. मग थांबली. "आणि मी कुठे?"

"म्हणजे?"

"मी कुठे बसू?"

तपासनीस दोन महिन्यांत पहिल्यांदा मागे वळले. त्यांच्या पाठीमागे सामानाची लोखंडी जाळी होती. जाळीवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, माणूस आणि त्यावर फुली. खाली ठळक अक्षरांत, 'मागे कोणालाही बसवू नये.'

हेल्मेटबाईची काच आपोआप खाली आली. "काका, मला वाटलं तुम्ही एकटेच..." आतून आवाज आला. "तुम्ही कधी दुसऱ्या कुणाबद्दल बोललाच नाहीत."

"पण जोडीने बसायची गाडी नव्हतीच का इथे?" बायकोने विचारलं.

"होती की. आहे. ती पिवळी."

गाडीच्या सीटवर कार्डांचा गठ्ठा पडला होता. बायकोने तो उचलला, एकेक कार्ड बाजूला करत पिवळ्या गाडीचं काढलं आणि मोठ्याने वाचलं. "पिवळी. चार मिनिटं. पाठीला मागून काहीतरी लागतं. मागे जादा बैठक, विनाकारण. नामंजूर."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेली बायको तपासनिसांना ओळखीची होती. ती फक्त कार्ड नीट घडी करून वहीत ठेवत म्हणाली, "जादा बैठक. विनाकारण."

एकतीस वर्षांत तपासनिसांनी हजारो खुर्च्या बघितल्या होत्या, आणि खुर्ची एकाचीच असते. तिच्यावर दुसऱ्याला कुठे बसवायचं, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. जिच्यासाठी एवढे दिवस घासले, तिला जागा ठेवायलाच विसरले. लाज वाटली त्यांना, इतकी की गाडीवरून उतरायचंही सुचेना.

"चुकलो गं," ते म्हणाले. "फार चुकलो."

बायको ऐकायला थांबलीच नव्हती. ती काठी टेकत कोपऱ्यात गेली होती. पिवळ्या गाडीवर रिकामी खोकी रचून ठेवलेली होती, कारण ती कुणी घेतच नव्हतं. तिने खोकी खाली ढकलली आणि दोन्ही हातांनी गुडघा उचलून पुढच्या सीटवर चढून बसली.

"चावी आण गं," ती हेल्मेटबाईला म्हणाली. हेल्मेटबाई धावत आली. वेग कुठे, ब्रेक कुठे, चढावर अंग पुढे घ्यायचं, उतारावर मागे. बायकोने मैदानात तीन चकरा मारल्या. पहिल्या चकरेत कुंपणाचा एक खांब गेला, दुसरीत काही गेलं नाही, आणि तिसरीत ती हसत होती. परत दाराशी येऊन तिने इंजिन चालू ठेवलं.

"बसताय का?" ती तपासनिसांना म्हणाली. "की चाळीस मिनिटं हवीत?"

"पण वाट..."

"ती वाट मी सव्वीस वर्षं पायांनी मोजलीय. तुम्हाला नुसतं बसायचंय. तेवढं येतं ना?"

हेल्मेटबाईने दोघांच्या डोक्यावर हेल्मेट चढवली, कागदांवर सह्या घेतल्या, आणि तपासनीस आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसले. घड्याळ बघितलं. सवयच ती.

रानवाट अवघड होती. दगडांवर गाडी एकीकडे कलायची, आणि तपासनीस दुसरीकडे. तेवढं कसब मात्र इथे उपयोगी पडलं, डावी दहा मिनिटं आणि उजवी दहा मिनिटं एकतीस वर्षं पाठ केलेली. एका ओढ्यात चाकं घसरली तेव्हा बायको ओरडली, "उजवीकडे!" आणि ते इतके सुरेख उजवीकडे कलले की गाडी निमूट वर आली. "शाब्बास!" ती म्हणाली. कारखान्यातही त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

वर पोचले. तळं होतं तिथेच होतं, काठोकाठ भरलेलं, वाऱ्याने हलणारं. पट्टीवर पाणी चार मीटर एक्याऐंशीला होतं. शेजारी खांबावर खात्याचं यंत्र होतं, त्यावर कुठल्याशा पक्ष्याने घरटं केलं होतं आणि आत तीन पिल्लं चोची उघडून बसली होती.

बायकोने गाडी काठाशी थांबवली, आणि तपासनिसांनी घड्याळ पुन्हा पहिल्या मिनिटापासून धरलं. तिने वही उघडली, आकडा लिहिला, खाली तारीख घातली. मग कितीतरी वेळ नुसतं पाण्याकडे बघत राहिली. तिने नाक ओढलं ते तपासनिसांना मागून ऐकू आलं.

"बरं आहे हो माझं तळं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "काय, मंजूर की नामंजूर?"

तपासनिसांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"तुझ्या वडिलांची ती खुर्ची," ते म्हणाले. "मागचा डावा पाय सैल होता तिचा. तिसऱ्याच मिनिटाला कळलं होतं मला."

बायको पाण्याकडेच बघत होती. "मग उरलेली सदतीस मिनिटं काय करत होतात?"

"तू दारात उभी होतीस. उठलो असतो तर जावं लागलं असतं."

खांबावरची पिल्लं ओरडत होती. अडतीस वर्षं सगळ्यांना सांगितलेली गोष्ट बायकोने मनात पहिल्यापासून एकदा पुन्हा ऐकली, आणि ती ऐकायला तिला बराच वेळ लागला. मग तिने इंजिन बंद केलं आणि चावी खिशात टाकली.

"आत्ता किती झाली?"

तपासनिसांनी घड्याळ बघितलं. "अठ्ठावीस. बारा राहिलीत."

"बसा मग," ती म्हणाली, आणि मागे रेलून तिने पाठ त्यांच्या छातीला टेकली.